त्याच्या शेजारी

बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नेमाच्या वाचनात दरवर्षी येत असे, आणि दरवर्षी माझी नजर त्यावरून नुसती सरकत जात असे. अमक्याच्या मुलाने यरुशलेम शहराच्या कोटाचा एवढा भाग बांधला, त्याच्या शेजारी दुसऱ्याने बांधला, त्याच्या शेजारी तिसऱ्याने. वेशीला दारे बसवली, कड्या लावल्या, अडसर घातले. त्यात प्रार्थना नाही, चमत्कार नाही, पाठ करावे असे एखादे वचनही नाही. नावांची एवढी लांब यादी पवित्र शास्त्रात कशासाठी ठेवली असावी, असा प्रश्न मला पडत असे आणि उत्तराची वाट न पाहता मी चौथ्या अध्यायाकडे वळत असे. ख्रिस्ती माणसाने इतरांच्या जोडीने काम का करावे, असे आज कोणी मला विचारले तर मी सर्वांत आधी याच अध्यायाकडे बोट दाखवतो. माझ्यात हा बदल होण्याला माझीच एक चूक कारणीभूत झाली.

आमच्या चर्चच्या मंडळीतील आजारी, वृद्ध आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांना भेटी देण्याची सेवा काही वर्षे माझ्याकडे होती. सुरुवातीला माझ्याबरोबर दोघे-तिघे येत. पुढे त्यांची कामे वाढली, ते हळूहळू मागे राहिले, आणि मी त्यांना पुन्हा बोलावले नाही, कारण एकट्याने जाणे मला सोयीचे वाटू लागले होते. कोणाची वेळ सांभाळायची नाही, कोणाला काही समजावून सांगायचे नाही. कोणाला कोणते स्तोत्र वाचून दाखवावे, कोणाच्या घरी दुपारी जाऊ नये, कोणाचा मुलगा दूर राहतो आणि त्याचा विषय काढला की कोणाच्या डोळ्यांत पाणी येते, हे सगळे माझ्या डोक्यात होते. कागदावर एक ओळही नव्हती. लोक कौतुक करीत, आणि त्या कौतुकामुळे ही सेवा म्हणजे मीच, असे मला नकळत वाटू लागले. मग मी आजारी पडलो आणि दीड महिना अंथरुणावर राहिलो. त्या दीड महिन्यात एका वृद्ध बहिणीकडे कोणीही गेले नाही. हयगय कोणी केली नव्हती. आपली वाट पाहणारे असे एक घर आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. बरा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "बाळा, मंडळी मला विसरली का रे?" मला उत्तर देता आले नाही. जिच्याविषयी मंडळीला मी कधी सांगितलेच नव्हते, तिला मंडळी विसरणार तरी कशी?

त्या संध्याकाळी मी नहेम्याचा तिसरा अध्याय पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचला. इसवी सन पूर्व ४४५ च्या सुमाराची ही हकीकत आहे. पारसाचा राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक, असलेला नहेम्या राजाची परवानगी घेऊन यरुशलेमेस येतो; कोट पडलेला असतो, वेशी जळालेल्या असतात, शेजारचे अधिकारी थट्टाही करतात आणि धमक्याही देतात. असा कोट ५२ दिवसांत उभा राहिला. आपण नेहमी या ५२ दिवसांविषयी बोलतो आणि नहेम्याच्या नेतृत्वाचे गुण सांगतो. परंतु तिसऱ्या अध्यायात नहेम्या स्वतःचे नाव बांधणाऱ्यांत एकदाही घेत नाही. तो इतरांची नावे लिहितो, आणि ती ज्या तपशिलाने लिहितो त्यावरून स्पष्ट दिसते की त्याने प्रत्येकाला आपापल्या जागी उभे राहून काम करताना पाहिले होते.

मुख्य याजक एल्याशीब आणि त्याचे भाऊबंद मेंढेवेस बांधतात. सोनार आहेत आणि सुगंधी द्रव्ये तयार करणारे आहेत. दगडचुन्याशी ज्यांच्या हातांचा कधी संबंध आला नसेल अशी ही माणसे. शल्लूम नावाचा एक अधिकारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली आहेत. एका जिल्ह्याचा अधिकारी उकिरडावेस दुरुस्त करतो. शहराची घाण जिथून बाहेर जाते ती जागा एका अधिकाऱ्याने स्वीकारली, आणि नहेम्याने ती इतर वेशींच्याच बरोबरीने नोंदवली. काही जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधतात, आणि मशुल्लाम आपल्या खोलीसमोरचा. ज्याच्या वाट्याला जे समोर आले ते त्याने केले, आणि एकाचा भाग जिथे संपला तिथे दुसऱ्याचा सुरू झाला. कोटाचे बळ त्या सांध्यांत होते. एखाद्याने आपला भाग कितीही उंच आणि भक्कम बांधला असता, पण शेजारी खिंडार राहिले असते, तर त्या उंचीचा शहराला काहीही उपयोग झाला नसता. मी माझ्या सेवेचा भाग उंच बांधीत होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंना खिंडारे होती.

या यादीतील दोन गोष्टींवर मी बराच वेळ थांबलो. पहिली तकोवकरांची. तकोव या गावच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्यातल्या सरदारांनी या कामासाठी मान वाकवली नाही, असे नहेम्या एका वाक्यात लिहितो आणि पुढे जातो. पुढे त्याच अध्यायात तकोवकरांचे नाव पुन्हा येते, कारण त्यांनी आणखी एक भाग बांधला. वरिष्ठ मागे राहिले म्हणून ते रुसून बसले नाहीत. उलट त्यांनी दुप्पट काम केले. दुसरी गोष्ट बरख्याचा मुलगा मशुल्लाम याची. त्याच्या मुलीचे लग्न तोबीयाच्या मुलाशी झाले होते, आणि तोबीया हा तर या कामाचा उघड विरोधक. हे नहेम्याला ठाऊक होते, कारण सहाव्या अध्यायात त्यानेच ते लिहिले आहे. तरीही मशुल्लामचे नाव बांधणाऱ्यांच्या यादीतून त्याने गाळले नाही. ज्यांच्या निष्ठेविषयी, नात्यागोत्यांविषयी आपल्या मनात शंका असते त्यांच्याबरोबरही कोट बांधावा लागतो, आणि त्यांनी केलेले काम केलेलेच असते. मंडळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी भेटते. निदान मला तरी ती वारंवार भेटली आहे.

एकट्याने सगळे ओढण्याची माझी सवय किती जुनी मानवी सवय आहे, हे मला निर्गमाच्या पुस्तकातल्या लागोपाठच्या दोन अध्यायांनी दाखवले. सतराव्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे उंचावलेले हात जड होतात. अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात आणि सूर्य मावळेपर्यंत दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरतात. हा प्रसंग प्रवचनांत पुष्कळ वेळा येतो, कारण तो मनाला भिडतो. अठराव्या अध्यायात मात्र तोच मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसलेला दिसतो, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, हे तू करतोस ते बरे नाही. अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हात सावरायला माणसे आली तेव्हा मोशेने ती स्वीकारली, पण कामच वाटून द्यायचे म्हटल्यावर त्याला बाहेरून कोणीतरी सांगावे लागले. मदत घेणे आणि काम सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत घेताना काम माझेच राहते, निर्णयही माझाच राहतो. सोपवताना दुसरा माणूस ते आपल्या पद्धतीने करणार, कदाचित माझ्यापेक्षा वाईट करणार, आणि जास्त कठीण म्हणजे कदाचित माझ्यापेक्षा चांगले करणार, हे मान्य करावे लागते. इथ्रोचे दुसरे वाक्यही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण एकट्याच्या कष्टाने लोकही झिजतात. दिवसभर उन्हात ताटकळणारे ते लोक आणि दीड महिना दाराकडे पाहत बसलेली ती वृद्ध बहीण यांत मला फरक दिसेना.

कोणी म्हणेल की, एकत्र काम केल्याने काम लवकर होते हे सांगायला पवित्र शास्त्राची काय गरज? हे कोणताही व्यवस्थापक सांगेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ख्रिस्ती उत्तर इथेच वेगळे होते. एकत्र काम केल्याने काम नेहमी लवकर होते असे मला मुळीच वाटत नाही. पुष्कळदा ते रेंगाळते. तरीही देवाने ही पद्धत निवडली आहे, आणि ज्याला कोणाचीही गरज नाही त्याने ती निवडली आहे, याचे मला सर्वांत अधिक नवल वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लाजराच्या कबरेपाशी येतो. चार दिवसांच्या मृताला हाक मारून उठवण्याचे सामर्थ्य ज्याच्या शब्दात आहे, तो आधी जमलेल्या लोकांना धोंड काढायला सांगतो. आणि लाजर बाहेर आल्यावर त्याची बंधने सोडून त्याला जाऊ द्या, हेही लोकांनाच सांगतो. जो मेलेल्याला जिवंत करू शकतो त्याला धोंड सरकवणे अवघड होते का? जीवन देणे हे केवळ त्याचेच काम होते, ते त्याने केले. धोंड हलवणे माणसांना जमण्यासारखे होते, ते त्याने माणसांकडे ठेवले. ज्यांनी ती बंधने सोडली त्यांच्या हातांना मृत्यूचा वास आणि जिवंत माणसाची ऊब एकाच वेळी जाणवली असेल. बघ्यांमध्ये उभे राहून ते त्यांना कधीच कळले नसते.

येशूने निवडलेले बारा शिष्यही पाहावेत. त्यांत रोमी अंमलाखाली कर गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे रोमी सत्तेचा कट्टर विरोधक, म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. बाहेरच्या जगात हे दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. येशूने त्यांना एका पंगतीला बसवले, आणि शिष्यांना सेवेसाठी पाठवताना त्याने जोडीजोडीने पाठवले. कोणाची जोडी कोणाशी लावली याची पूर्ण नोंद आपल्याकडे नाही. पण प्रत्येकाला आवडीचा सोबती मिळाला असेल असे मला वाटत नाही.

मंडळी म्हणजे अनेक अवयवांचे एक शरीर, हा प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील दाखला सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून त्याविषयी मी एकच गोष्ट सांगतो. बाराव्या अध्यायात अवयवांच्या तोंडी दोन तक्रारी आहेत. डोळ्याने हाताला "मला तुझी गरज नाही" असे म्हणता येत नाही. ही गर्वाची तक्रार आहे, आणि तिच्यावर आपण पुष्कळ बोलतो. परंतु पौलाने तिच्याही आधी पायाची तक्रार मांडली आहे: मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही. ही स्वतःला कमी लेखणाऱ्याची तक्रार आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मंडळीतील कामे पहिल्या तक्रारीपेक्षा या दुसरीमुळे अधिक अडतात. मला गाता येत नाही, बोलता येत नाही, शिकवता येत नाही, म्हणून मी मागच्या बाकावर बसेन, असे म्हणणारे लोक नम्र समजले जातात. ते नम्र असतीलही, पण त्यांच्या न येण्याने शरीर लंगडते, आणि त्यांना तसे वाटू देण्यात पुढे असणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. मी एकटाच भेटी देत फिरत होतो, तेव्हा किती जणांनी मनात म्हटले असेल की, हे त्यांचे काम आहे, आपल्याला कुठे जमणार!

पौल स्वतः एकटा नव्हता, हे त्याच्या पत्रांच्या शेवटांवरून कळते. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय हीसुद्धा नावांची यादीच आहे. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी, ज्यांनी पौलासाठी आपला जीव धोक्यात घातला ते प्रिस्क व अक्विला, प्रभूमध्ये श्रम करणाऱ्या त्रुफैना व त्रुफासा. आणि मध्येच, पौलाच्या वाक्यांमध्ये, एक वेगळा आवाज येतो: हे पत्र लिहून काढणारा तर्तियुस स्वतःचा सलाम सांगतो. ज्या पत्राने मंडळीच्या इतिहासाला पुन्हा पुन्हा वळण दिले ते पत्र पौलाने सांगितले, तर्तियुसाच्या हाताने कागदावर उतरले, आणि बहुधा फिबीने रोमला नेले. सांगणाऱ्याचे नाव आपल्याला पाठ असते. लिहिणाऱ्याने आपले नाव घातले नसते तर ते कोणालाच कळले नसते. पौलाने त्याला ते घालू दिले, याचे मला मोल वाटते.

असेच बंगालमधील श्रीरामपूरच्या, बायबलची भाषांतरे छापणाऱ्या मिशनरी छापखान्याविषयी म्हणता येईल. विल्यम कॅरीचे नाव सर्वांना ठाऊक असते, परंतु त्या घरात विल्यम वॉर्ड मुद्रण सांभाळत होते, जोशुआ आणि हॅना मार्शमन शाळा चालवत होते, आणि सर्वांची कमाई एका सामाईक निधीत जात होती. भाषांतरासाठी त्या त्या भाषेचे पंडित बसत. अक्षरांचे ठसे कोरणारे पंचानन कर्मकार ख्रिस्ती नव्हते, पण त्यांच्या हातच्या कौशल्यावाचून ती पाने छापली गेली नसती. मोशेला शहाणपण सांगणारा इथ्रोही मिद्यानी याजक होता. ख्रिस्ती माणसाने केवळ आपल्यांतल्यांबरोबरच काम करावे असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन उदाहरणांवर विचार करावा असे मला वाटते.

तथापि एकत्र येणे हे स्वतःच पवित्र आहे, असे मी म्हणणार नाही. बाबेलचा बुरूज बांधणाऱ्या लोकांइतके एकजुटीचे लोक पवित्र शास्त्रात क्वचितच सापडतील. त्यांची भाषा एक होती, बेत एक होता, विटा भाजण्यापासून सगळे काम सुरळीत चालले होते. त्यांना आपले नाव करायचे होते, आणि तिथेच बिघडले. त्यानंतर नहेम्याची यादी वाचली की ध्यानात येते की, एका ठिकाणी माणसे आपले नाव व्हावे म्हणून बांधीत होती आणि त्यांतले एकही नाव उरले नाही; दुसऱ्या ठिकाणी माणसे शहरासाठी बांधीत होती आणि त्यांची नावे दुसऱ्याच कोणीतरी जपून ठेवली.

आणि कधीकधी चांगल्या माणसांचेही पटत नाही. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचा योहान मार्क या सोबत्यावरून एवढा तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक ही गोष्ट लपवत नाही. एक बर्णबाला दोष देतो, दुसरा पौलाला. मला वाटते, दोघांपाशीही कारण होते: पौलाला अर्ध्यावर सोडून गेलेला सोबती पुन्हा नको होता, आणि बर्णबा एका तरुणाला दुसरी संधी नाकारायला तयार नव्हता. मन हलवणारी गोष्ट पुढे आहे. आयुष्याच्या अखेरीस तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल सांगतो की, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मतभेदाच्या दिवशी हे वाक्य त्याला सुचले नसते. त्याला बरीच वर्षे जावी लागली.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात महत्त्वाच्या निर्णयाआधी सर्व बंधूंना बोलवावे असे सांगितले आहे, कारण जे अधिक चांगले ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला प्रकट करतो. त्याच नियमावलीत स्वयंपाकघरातील कामाच्या आठवड्याच्या पाळ्या आहेत. सभेत बोलण्याचा हक्क आणि भांडी घासण्याची पाळी या दोन गोष्टी एकाच माणसाला लागू होत्या, हे मला त्या नियमावलीतील शहाणपणाचे मर्म वाटते. ज्या गटांत काही जण फक्त ठरवतात आणि काही जण फक्त करतात, तिथे शब्द "आपण सर्व" असा असला तरी काम दोन तुकड्यांचेच असते.

आजारातून उठल्यावर मी मंडळीपुढे माझी चूक सांगितली आणि भेटीची सेवा सहा जणांनी वाटून घेतली. एक वही केली. पहिले काही महिने मला जड गेले. सभा लांबत, कोणी वेळेवर जात नसे, कोणी वहीत लिहायला विसरत असे, आणि पुन्हा एकट्याने सगळे हाती घ्यावे असा मोह मला आठवड्यातून एकदा तरी होत असे. दोन बहिणींचे एका घराच्या भेटीवरून बिनसले आणि बरेच दिवस त्या एकमेकींशी जेमतेम बोलत होत्या. फिलिप्पैकरांस पत्रात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींची नावे घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनंती करतो, आणि तिथेच त्या आपल्याबरोबर शुभवर्तमानासाठी झटल्या होत्या असे आवर्जून सांगतो. तो उतारा मी तेव्हा त्यांना वाचून दाखवावा असे मनात आले होते, पण धीर झाला नाही. त्याऐवजी त्या दोघींना एका रविवारी एकाच घरी पाठवले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. वहीत त्या दिवशी दोघींच्या अक्षरांत दोन ओळी आहेत.

त्या सहा जणांत एक भाऊ आहे, जो सभेत कधीच बोलत नाही. आजाऱ्याच्या घरीही तो फारसे बोलत नाही. प्रार्थना करतो, पाण्याचा पेला भरून ठेवतो, आणि बसून राहतो. मी जात असे तेव्हा मी वचने वाचत असे, धीर देत असे, आणि वेळ पाहून उठत असे. गेल्या महिन्यात मी त्या वृद्ध बहिणीकडे गेलो, तेव्हा तिने माझी चौकशी केली, माझ्या प्रकृतीविषयी विचारले, आणि मग दाराकडे पाहत म्हणाली, "तो न बोलणारा आज येणार नाही का?" मी वहीत पाहून सांगितले की, त्याची पाळी गुरुवारी आहे. तिने बोटांवर दिवस मोजले.